आकड्याचं डोकं चढाकडे

ऐंशीच्या दशकात मी रत्नागिरीत नकाशे काढून देणाऱ्या एका खाजगी कचेरीत ट्रेसर होतो. मोजणी करून आणलेला कच्चा नकाशा ट्रेसिंगच्या कापडावर शाईने उतरवायचा, हे माझं काम. ते शिकवलं कचेरीतल्या जुन्या ट्रेसरने. मी त्यांना काका म्हणायचो.

सरळ रेषेवर नाव कोणीही लिहील. नदीचं नाव नदीच्या वळणाने लिहायचं, तर प्रत्येक अक्षर थोडं थोडं फिरवावं लागतं आणि शिरोरेघ न मोडता वाकवावी लागते. काका आधी पेन्सिलीने नदीला समांतर वळण काढत, टिंबांनी अक्षरांच्या जागा नेमत, मग श्वास रोखून शाई. माझं पहिलं नाव पाहून ते म्हणाले होते, की तुझ्या नदीला पूर आलेला दिसतो, अक्षरं वाहून चाललीत.

सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या उंचीच्या रेषांचा नियम वेगळा होता. रेषा मध्ये तोडून तिथे आकडा लिहायचा, वळणाबरोबर फिरवायचा, आणि त्याचं डोकं नेहमी चढाकडे, म्हणजे जमीन ज्या बाजूला चढते तिकडे. मग तो उलटा दिसला तरी चालेल.

एका वाडीच्या नळपाण्याचा नकाशा माझ्याकडे आला. झऱ्याचं पाणी सड्यावरून, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावरून, उताराने खाली वाडीत आणायचं होतं. सड्यावर एका उंचवट्याची लहानशी बंद रेषा होती, तिला एकच आकडा. खालच्या बाजूला पायवाट असल्यामुळे तो वरच्या कडेला घ्यावा लागला आणि उलटा पडला. मला ते कुरूप वाटलं. मी तो सुलट लिहिला. तेवढ्याने कागदावर उंचवट्याचा खळगा झाला.

तपासून सही करायचे ते काका. त्या दिवशी मला राजापूरची एसटी गाठायची होती.

"नीट बघितलंस ना रे?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हणालो. त्यांनी न बघता सही केली.

मे महिन्यात वाडीतले पुरुष मुंबईहून रजेवर आले आणि त्यांनी पहारी घेऊन जांभा दगड फोडला, नकाशाप्रमाणे त्या खळग्यातून पाइप पुरला. तो उंचवटा करवंदीच्या जाळ्यांत डोळ्यांना कळण्याजोगा नव्हता. पाणी तिथवर आलं आणि थांबलं. रजा संपल्या, पुरुष परत गेले. पाइप फिरवून पुन्हा खोदायला कोणी उरलं नाही.

वाडीतला एक म्हातारा नकाशाची गुंडाळी घेऊन कचेरीत आला. ती मालकांच्या टेबलावर ठेवून बाकावर बसला. मालकांनी ट्रेसिंग काढलं, आकडा पाहिला, खालची सही पाहिली. काकांना म्हणाले, की डोळे गेले तुमचे, आता घरी बसा.

काका त्या आकड्याकडे बराच वेळ बघत होते. कचेरीत ट्रेसिंग करणारे हात आम्हा दोघांचेच, आणि माझं अक्षर त्यांनीच घडवलेलं. ते ओळखायला त्यांना भिंगही लागलं नसतं.

"सही माझी आहे," ते म्हणाले.

मी पेनात शाई भरत राहिलो.

त्यांचं टेबल मला मिळालं. दोन वर्षांनी सगळं सांगून टाकायचं ठरवून मी भाट्याला त्यांच्या घरी गेलो. ते पडवीत बसले होते. बसायला सांगितलं, चहा मागवला.

"त्या वाडीत पाणी आलं काय रे?"

"नाही."

त्यांनी मान हलवली. चहा आला, तो आम्ही प्यायलो, आणि मी शेवटच्या गाडीच्या बऱ्याच आधी उठलो.