ओस आणि ऊस

इंदापूर तालुक्यातल्या लासुर्ण्याच्या सोनमचं कराटे सुरू झालं तेच मुळी फजितीनं. अकरा वर्षांची असताना ती वडिलांबरोबर, म्हणजे झुंबरतात्यांबरोबर, बारामतीच्या क्लासात नाव घालायला गेली. सरांनी कमरेत वाकून कराटेतला नमस्कार केला, "ओस!"

तात्यांना ऐकू आलं ऊस. ते म्हणाले, "व्हय, अडीच एकर हाय. कारखान्याची तोड न्हाय आली अजून."

सगळा क्लास हसून लोळला. सोनमला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढं वर्षभर पोरी तिला 'अडीच एकर' म्हणूनच हाक मारायच्या. तो सगळा राग तिनं लाथांमध्ये घातला. चिडवणाऱ्या पोरी एकेक करून तिच्याकडून हरल्या आणि मग निमूट मैत्रिणी झाल्या.

आठ वर्षांनी, यंदा, ती राज्य स्पर्धेच्या फायनलला पोचली. शेवटचे दहा सेकंद उरले आणि सोनम दोन गुणांनी मागं. तात्या पहिल्यांदाच सामना बघायला आले होते. त्यांना राहवेना. खुर्चीवर चढून ते ओरडले, "सोनम, तोड आली गंऽ!"

सोनमला फिसकन हसू आलं, आखडलेलं अंग सैल झालं आणि तिची लाथ थेट समोरच्या पोरीच्या कानाशी टेकली. तीन गुण!

पदक घालून ती खाली आली, तर तात्या हात मांड्यांना चिकटवून, घरी सराव केल्यासारखे कमरेत वाकले. अगदी शुद्ध बोलले, "ओस!"

सोनमही वाकली.

"व्हय तात्या, अडीच एकर हाय. तोड आजच झाली."