विमलाकाकीच्या गाठीचं जेवण

शिरोड्याला विमलाकाकीच्या खाणावळीतून उपाशी उठून गेलेला माणूस अजून जन्माला यायचा आहे. हद्दीवरून भांडायला आलेल्या शेजाऱ्याच्या हातातसुद्धा ती आधी सोलकढीचा पेला द्यायची, आणि मगच त्याची पूजा बांधायची. अशा बाईच्या छातीत कॅन्सरची गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, ती बाजू काढावीच लागेल. ऑपरेशनला जायच्या आदल्या दिवशीही काकी मागीलदारी मासे साफ करत बसली होती, तेव्हा पुतणी रसिका समोर येऊन घुटमळली.

रसिका गोव्यातल्या एका प्रयोगशाळेत कॅन्सरवर काम करते. काकीच्या गाठीचा तुकडा तिला अभ्यासासाठी हवा होता. पण मागायला जीभ रेटत नव्हती.

"तो तुकडो आमी वाढवतो, काकी," ती एकदाची म्हणाली. "मगे त्येच्यावर औषधां घालून बघतो."

काकीची विळी थांबली. "वाढवतास? म्हणजे त्येका खाऊक घालतास?"

"होय."

"माझी छाती खाल्ल्यान, आणि त्या मेल्याक तुमी जेवण घालतलास? लाज नाय वाटली गो तुका मागूक?"

रसिकाचा चेहरा पडला. ती जायला वळलीच. "तू नको म्हटलंस तरी ऑपरेशनात काय फरक पडाचो नाय," ती म्हणाली. आणि खोटं बोलणं तिच्या रक्तातच नसल्यामुळे पुढचंही सांगून टाकलं, "आणि दिलंस तरी तुका कायच उपयोग नाय. झालोच तर मागसून येतल्या बायकांक."

काकीने पुढचा मासा विळीवर धरला. मग म्हणाली, "ठेवतास खंय त्येका? बशीत?"

"आधी बशीतच ठेवायचे. पण कडक प्लास्टिकावर पेशी खऱ्यासारख्यो वागनत नाय. म्हणान आमी छातीसारखीच मऊ जागा तयार करतो. तेतूत त्यो घरच्यासारख्यो रवतत."

काकी खुदकन हसली. रसिकाला काही कळेना.

"तू तशीच होतंस," काकी म्हणाली. "तुझी आवस बाळंतपणात आजारी पडली. पाळण्यात घातलंय की तू बोंबलायचंस, माझ्या छातीक लावलंय की गप. माझ्या अजयच्या वाटणीचा दूध प्यालंस तू."

हे रसिकाला आईकडून ठाऊक होतं. पण काकीने स्वतः ते आयुष्यात एकदाही बोलून दाखवलं नव्हतं. रसिकाचे डोळे भरून आले.

"तेवा दूध होता, आता ह्याच उरला हा. घेवन जा."

रसिका खाली बसली आणि तिने काकीच्या छातीवर, त्याच बाजूला, डोकं टेकलं. काकीने माशांचे हात लांब धरले आणि नुसत्या कोपरांनी तिला घट्ट जवळ घेतलं.

"आणि त्या मेल्याक औषध पोटभर वाढ गो," ती म्हणाली. "माझ्याकडचो हा तो, अर्धपोटी उठाक देव नको."