ढोलकीच्या खाली दबलेला आवाज

कोल्हापूरजवळच्या गडमुडशिंगीत आमचं घर म्हणजे एक खोली. वडील मार्केट यार्डात हमाली करायचे, आई दुसऱ्याच्या रानात भांगलायला, तण काढायला जायची. मी दहावीला जाईपर्यंत घरात वीज नव्हती. वडील ढोलकी फार गोड वाजवायचे, पण रेकॉर्डिंगला त्यांना कुणी कधी बोलावलं नाही. त्या घरातला पहिला पदवीधर मी. दोन हजार सालानंतर नोकरीच्या पगारातून कॉम्प्युटर घेतला आणि ठरवलं, जयंतीच्या मिरवणुकीत यंदा आपलंच गाणं वाजवायचं. शब्द माझे, गाणार धाकटी बहीण, ढोलकी वडिलांची.

प्रत्येकाचा आवाज वेगळ्या ट्रॅकवर घेतला. ते ट्रॅक एकत्र जुळवायचं मिक्सिंग मी पुस्तक वाचून शिकलो. वडील शेजारी बसायचे. ढोलकी कमी केली की गप्प व्हायचे, वाढवली की मान हलवायचे. घरात आई-वडील म्हणाले, "लई भारी!" मला त्या कौतुकाचा संशयच आला. घरचे दुसरं काय म्हणणार?

म्हणून कोल्हापुरातल्या एका स्टुडिओवाल्याकडं सीडी घेऊन गेलो. त्यानं डोळे मिटून ऐकलं.

"पावणं, ढोलकी झकास हाय. पण पोरगी कुठं हाय? तळघरात बसवलीया व्हय?"

"शब्द स्पष्ट आहेत," मी म्हणालो.

"तुम्हाला. सगळे ट्रॅक सुटे आणा, दाखवतो काय करायचं ते."

सुटे ट्रॅक! म्हणजे हा ते ठेवून घेणार, उद्या आमच्या संगीतावर दुसरीच बाई गाणार आणि आम्ही टाळ्या वाजवणार. मी सरळ सांगितलं, ते मिळायचे नाहीत.

तो हसला. "डॉक्टराकडं आलाय आन् शर्ट काढाय तयार न्हाय!"

तडकून घरी आलो. कागलची आत्या आली होती. तिनं गाणं आधी ऐकलं नव्हतं. मी लावलं आणि तिला विचारलं, "कशावर आहे गाणं?"

"ढोलकीवर दादाचा हात काय पडलाय!" आत्या म्हणाली.

"पण शब्द?"

"ते न्हाय बाबा कळालं. पोरगी कायतरी म्हणतीया खरं."

बहीण चुलीपुढून म्हणाली, "मी पहिल्या दिवशी हेच सांगत होते. तू म्हणालास, तुला काय कळतंय."

तेव्हा उमगलं. गाणं मीच लिहिलं होतं. ऐकू न आलेला शब्दही माझं डोकं आपोआप भरून घेत होतं. आणि ढोलकी तर मी कानानं नाही, वडिलांच्या मानेकडं बघून वाढवली होती.

दुसऱ्या दिवशी सुटे ट्रॅक घेऊन स्टुडिओत गेलो. स्टुडिओवाल्यावर विश्वास बसला होता असं नाही. त्याच्या खुर्चीला खुर्ची लावून बसलो, चहालाही उठलो नाही. त्यानं ढोलकी खाली घेतली, बहिणीचा आवाज पुढं आणला. काम झाल्यावर ट्रॅक त्याच्या मशीनवरून माझ्यासमोर पुसायला लावले.

"पोलिसात हाय का वो तुम्ही?" त्यानं विचारलं.

घरी वडिलांनी दोनदा ऐकलं. "माझा हात मागं गेला," म्हणाले. मग म्हणाले, "पण पोरीचं कळतंय की."

त्या जयंतीला आमचं गाणं गल्लीपासून वेशीपर्यंत वाजलं. दुसऱ्या कडव्याला मागच्या बायका बहिणीच्या आवाजाबरोबर गात होत्या, आणि शब्द बरोबर होते.