आपांच्या चाळीस बायका आणि मी

मरियमआपांची आणि माझी पहिली ओळख झाली ती रुसव्यानं. बावीस-तेवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. माझं लग्न जमवायचं चाललं होतं आणि दाखवायच्या फोटोसाठी आई मला दिघाशीहून भिवंडीला घेऊन आली होती. धामणकर नाक्याच्या मागच्या गल्लीत खाली लूमचा कारखाना आणि वर आपांचा स्टुडिओ. तिथे फोटो काढणारीही बाई आणि काढून घेणाऱ्याही बायकाच. परपुरुषासमोर फोटोला बसणं ज्या घरांत चालत नसे, त्या घरांतल्या नवऱ्या मुली तिथे येत. माझ्या आईलाही तेच बरं वाटलं.

मी घरून पावडरीचे तीन हात देऊन निघाले होते. आपांनी आधी ओला रुमाल देऊन तोंड पुसायला लावलं आणि मग खोबरेल तेलाची बाटली पुढे केली. "गालांवर लाव बेटी. थोडंसंच." फोटो हातात आल्यावर आईचा चेहरा पडला. "बाय, यो फोटो दाखवला तं पोरगी घरानच ऱ्हाईल!" आपा शांतपणे म्हणाल्या, "ताई, तुमची पोरगी अशीच आहे. आणि छान आहे." मी तो फोटो टेबलावर तसाच टाकला, तरातरा जिना उतरले आणि अंबाडीला दुसऱ्या एकाकडे गोरापान फोटो काढून घेतला. त्या फोटोवर लग्न जमलं. साखरपुड्याच्या दिवशी सासूबाईंनी एकदा फोटोकडे आणि एकदा माझ्याकडे बघितलं. तोंडानं काही बोलल्या नाहीत, तेवढीच त्यांची मेहेरबानी.

लग्नानंतर वर्षभरात मला काम शोधायची वेळ आली तेव्हा मी निर्लज्जासारखी त्याच जिन्यानं पुन्हा वर गेले. आपांनी मला ओळखलं. टाकून दिलेल्या फोटोचा विषय काढला नाही. फक्त विचारलं, "कॉम्प्युटर येतो?" येत नव्हता. त्यांनी शिकवला.

आपा सिद्दी आहेत. त्यांचे पूर्वज काही शतकांपूर्वी आफ्रिकेतून गलबतांमधून आपल्या किनाऱ्यावर आले आणि इथलेच झाले. आपांचं माहेर कोकणात खाडीकाठच्या एका गावात. लग्न होऊन त्या भिवंडीत आल्या. कुरळे केस आणि काळा रंग बघून नाक्यावर लोक त्यांना 'हबशीण' म्हणत. आमच्या घरीही तोच शब्द होता. आपांनी दिलेल्या पगारावर माझी चूल पेटत असतानाही मी वर्षभर 'हबशिणीच्या स्टुडिओत जाते' असंच सांगत असे. आपांच्या या गौरवग्रंथात हे लिहिताना कान तापतात. पण संपादकांनी "मनापासून लिहा" असं सांगितलं आहे, तेव्हा त्यांनीही आता सोसावं.

आपांचं काम बघणं हा एक संस्कार होता. इतर स्टुडिओंत मागे पांढरा किंवा आकाशी पडदा असे. त्यापुढे सावळी बाई बसली की कॅमेरा पडद्यालाच भुलतो आणि बाईचे नाकडोळे अंधारात जातात. आपांनी मागे गडद जांभळी मखमल लावली होती. खिडकीचा उजेड एका बाजूनं आणि दुसऱ्या बाजूला कारखान्यातून मागून आणलेलं कोऱ्या कापडाचं ठाण, उजेड परतवायला. तेल लावलेल्या गालाच्या हाडावर तो उजेड पडला की काळा रंग खोल आणि जिवंत दिसे. खालच्या लूमच्या दणक्यानं कॅमेऱ्याचा स्टँड थरथरत असे, म्हणून आपा लाइट जाण्याची वाट बघत. सगळी भिवंडी वीज गेली की शिव्या घालते, आपा तेवढ्या हसून म्हणत, "चला, झाली आपली वेळ."

'हसा' असं त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही. एकदा लूमसाठी सुताच्या कांड्या भरणारी एक बाई शिफ्ट सुटल्यावर आली होती. खुर्चीत चोरासारखी बसली होती. आपांनी विचारलं, "घरात तुझं कोण ऐकतं?"

"कोन पन नाय."

"मग मला सांग. मी ऐकते. बोल, काय सांगायचंय घरच्यांना?"

बाई बोलायला लागली आणि बोलता बोलता तिची मान वर आली. तो फोटो बघून तिनं विचारलं होतं, "ही माजीच काय?" आपा म्हणाल्या, "तुझीच. आम्ही फक्त ऐकलं."

अशा बायकांचे फोटो आपांनी वर्षानुवर्षं काढले. आमच्या आगरी बायका, लूमवरच्या बायका आणि माहेरच्या सिद्दी बायका. सिद्दी बायकांचे फोटो त्यांना जिवापेक्षा प्यारे. तीन वर्षांपूर्वी या सगळ्यांतल्या चाळीस फोटोंचं प्रदर्शन ठाण्यात भरवायचं ठरलं. आता जे लिहायचं आहे त्यासाठीच मी हा लेख लिहायला घेतला आहे.

तेव्हा आपांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. ऑपरेशन त्या पुढे ढकलत होत्या. प्रिंटसाठी फाइली तयार करायचं काम त्यांनी माझ्यावर सोपवलं. "तुझे डोळे तेच माझे डोळे," म्हणाल्या. त्या चाळिसांत माझाही फोटो होता, टेबलावर टाकून गेलेला तोच. प्रदर्शनाला माझ्या सासरची माणसं यायची होती. मी कॉम्प्युटरवर माझा फोटो उघडला आणि थोडा उजळ केला. अगदी थोडा. पण मग शेजारच्या फोटोतली बाई जास्तच काळी दिसायला लागली, म्हणून तिलाही उजळ केलं. मग तिसरीला. संध्याकाळपर्यंत चाळीसही जणी उजळल्या. मी स्वतःला समजावलं की छपाईत रंग दबतो, म्हणून हे करावं लागतं. ते खोटं होतं. मला माझीच लाज वाटत होती आणि ती मी चाळीसजणींच्या तोंडाला फासली.

प्रदर्शनाला गर्दी झाली, कौतुक झालं. "किती उजळ आलेत हो फोटो!" असं चारचौघं म्हणाली आणि आपांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. दुसऱ्या दिवशी आपांच्या मावसबहीण, आम्हा सगळ्यांच्या आयशाखाला म्हणजे आयशामावशी, गावाहून आल्या. दोघी एका वयाच्या, एका ताटात जेवलेल्या. आयशाखालांनी हॉलला दोन फेऱ्या मारल्या आणि विचारलं, "माजा फोटो खंय हाय गो?" त्या स्वतःच्या फोटोसमोरच उभ्या होत्या. आपांनी हात धरून दाखवला तेव्हा त्या कितीतरी वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मरियम, माजा तोंड कोनी धुतला?"

आपा हसल्या. लोकांसमोर म्हणाल्या, "आयशा, तुझी नजर गेली आता. म्हातारी झालीस."

आयशाखाला तशाच निघून गेल्या. मी चहाचे कप घेऊन दोन हात अंतरावर उभी होते. एक वाक्य बोलायचं होतं. बोलले नाही. त्यानंतर अडीच वर्षं आयशाखालांनी आपांचा फोन घेतला नाही. ईद गेली, घरात लग्न झालं, निरोप नाही. आपा म्हणत, "म्हातारपणी माणूस हट्टी होतो," आणि जेवताना मध्येच हात थांबवून बसत. मी समोरच बसून जेवत असे. माझा घास अडला नाही.

या वर्षी आपांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि ते फोटो या ग्रंथात छापायचं ठरलं. तेव्हा मात्र मला धीर धरवेना. मूळ फाइली मी पुसल्या नव्हत्या. आयशाखालांचे दोन्ही फोटो, मूळ आणि उजळलेला, छापले आणि आपांसमोर ठेवले. आपांनी एक फोटो उचलला, खिडकीशी नेला, मग दुसरा नेला. दोन्ही खाली ठेवून विचारलं, "सगळेच?"

"हो."

"सुरुवात तुझ्यापासून केलीस ना?"

मी रडायला लागले. मला वाटलं, आता त्या जवळ घेतील. त्यांनी घेतलं नाही. म्हणाल्या, "रडू नकोस. मला विचार करू दे." मी इतकी वर्षं त्यांच्याकडे आहे, पण त्यांचा आवाज असा कोरडा कधी ऐकला नव्हता.

मग त्यांनी आयशाखालांचा नंबर माझ्यापुढे धरला. "तुझ्या फोनवरून लाव. माझा ती घेत नाही." मी लावला, पलीकडून "कोन?" आलं आणि मी फोन आपांच्या हातात दिला. मला वाटलं, त्या आता माझं नाव सांगतील. मी मनाची तयारी करून उभी होते.

आपा म्हणाल्या, "आयशा, नजर माझी गेली होती गं. तुझी नाही."

एवढंच. माझं नाव घेतलं नाही. पलीकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही. आपा नुसत्या "हो, हो" म्हणत डोळे पुसत होत्या. डॉक्टरांनी डोळ्यांना हात लावू नका म्हणून बजावलं होतं, तेही मी त्यांना सांगितलं नाही.

त्यांनी माझं नाव घेतलं नाही म्हणून मी ते इथे लिहीत आहे. आयशाखाला, तुमचं तोंड मी धुतलं होतं. आपांनी नाही. या ग्रंथात तुमचा जो फोटो आहे, तो आपांनी काढला तसाच आहे. माझाही तसाच आहे.

आपांनी मला अजून माफ केलेलं नाही. फाइलींचं काम माझ्याकडेच ठेवलं आहे, पण आता त्या शेजारी खुर्ची टाकून बसतात आणि प्रत्येक चेहरा स्वतः बघून मगच पुढे जाऊ देतात. तो धाक मला हवा आहे. माझ्या एकवीरा आईपाशी आणि आपांच्या अल्लापाशी माझं एकच मागणं आहे: आपांना शंभरी लाभो, हातपाय धड राहोत, आयशाखालांशी रोज एक भांडण आणि रोज एक समेट होवो आणि त्यांची नजर अशीच लख्ख राहो. माझ्यावर ती असायलाच हवी.