हलकं सूप

या, अशा जवळ या. तिकडे उंबऱ्यापाशी परक्यासारख्या काय बसलात? तुमचं एक मला आवडत नाही बघा. लग्नाला येता, जेवता, आचारी कोण होता ते आठवणीनं विचारून जाता. पण सकाळपासून पाटावर बसून जी बाई गात होती, ती कोण, कुठली, कुणी म्हणून विचारत नाही. तर ऐका. माझ्या थोरल्या नणंदेसारखी मानी धवळारीण शहापूर-मुरबाडात दुसरी झाली नाही. आणि तिला मुकी करणारी बाईही दुसरी कुणी नाही, मीच.

आमच्याकडे लग्नात भटाच्या आधी धवळे, म्हणजे लग्नाची गाणी, गाणारी धवळारीण लागते. हळदीचा धवळा वेगळा, तेलाचा वेगळा, नवरी निघतानाचा वेगळा. ही माझी नणंद, आमची अक्का, धसईला दिलेली. तिथं आजेसासूच्या हाताखाली बारा वर्षं दळण दळता दळता ती हे सगळं शिकली. तशी खोड लहानपणापासूनचीच. स्वतःच्या लग्नात गाणारणीची एक ओळ चुकली, तर ही मुंडावळ्या बाजूला सारून म्हणाली, "मागं जा, मागं जा, येक वळ राह्यली!" सासरची माणसं म्हणे अजून त्या धक्क्यातून सावरलेली नाहीत.

तिचा नियम एकच. समोर सूप ठेवायचं; त्यात तांदूळ, नारळ, लुगडं आणि वर नोटा. ती सूप दोन्ही हातांनी उचलायची, डोळे मिटून जोखायची, आणि मनासारखं भरलं तरच तोंड उघडायची. पोटच्या लेकाच्या लग्नातसुद्धा तिनं नवऱ्याकडून सूप भरून घेतलं. दाजी कळवळले, "अगो, ह्ये तांदूळ आपल्याच कणगीतले!" ती म्हणाली, "कणगी तुमची असंल, गळा माजा हाय." वाशिंदचा एक कंपनीवाला वरबाप घाई करायला लागला, "आजी, चारच ओळी म्हणा, तीनला हॉल खाली करायचाय." अक्का म्हणाली, "चारच वळी? मंग नवरीचा पन येकच पाय न्या." माणसं हसायची आणि मागून म्हणायची, बाई पैशाला हपापलेली आहे. बँजोवाल्याला असं कुणी कधी म्हटलेलं मी ऐकलं नाही.

माझ्या थोरलीचं लग्न निघालं तेव्हा मी विचार केला, अक्का सख्खी आत्या. तिला काय द्यायचं? शिवाय मागं अजून दोन पोरी होत्या. म्हणून मी दोन शहाणपणं केली. सुपात खाली पेंढ्याची चुंबळ ठेवली, तिच्यावर फडकं, फडक्यावर तांदूळ पसरले, दिसायला शिगोशीग. आणि पाटामागं लेकाचा टेप टॉवेलखाली चालू करून ठेवला. एकदा गाणं भरून घेतलं की पुढच्या दोघींची काळजी मिटली.

अक्कानं सूप उचललं, डोळे मिटले आणि खाली ठेवलं.

"सूप हलकं हाय गो."

मी सगळ्यांदेखत म्हणाले, "अक्का, घरच्या घरी कसला हिशोब?"

तिनं फडकं उचललं, चुंबळ बाहेर काढली आणि मांडवाला दाखवली. "बँजोवाला परका म्हनून त्याला हजार, नि मी सख्खी म्हनून मला पेंढा? मंग सख्खं असन्यात तोटाच की गो!"

मांडव हसला. आमच्या ह्यांनी शरमेनं मान खाली घालून सूप भरलं. मग मात्र ती अशी गायली की वराकडचे हातातला घास तसाच ठेवून ऐकत बसले. मी ऐकत नव्हते. टॉवेलखालची कॅसेट फिरतेय ना, एवढंच बघत होते.

पुढं ती कॅसेट मी विरजण द्यावं तशी वाटली. विरजण दिल्यानं आपलं दही थोडंच कमी होतं? भातसानगरच्या कॉलनीत भाच्याकडे दोन कॅसेटींचा टेप होता, त्यावर त्यानं नकला काढून दिल्या. गावोगाव मांडवाच्या खांबावरच्या कर्ण्यातून अक्का गायला लागली, आणि अक्काला बोलावणं यायचं थांबलं. धसईच्या बाजारात ती बायांना विचारायची, "यंदा कुनाकडं लगीन नाय का गो?" बाया भाजी निवडत राहायच्या. हे माझ्या कानावर येत होतं. तरी मी कॅसेटी वाटतच राहिले.

दुसरीच्या लग्नाला अक्का न सांगता सकाळीच आली, ठेवणीतलं लुगडं नेसून. पाटावर बसली आणि सुपाची वाट बघू लागली. मला तिच्यासमोर जायचा धीर होईना. तेवढ्यात लेकानं बटण दाबलं. खांबावरून आधी आलं, "सूप हलकं हाय गो." मग माझा आवाज: "घरच्या घरी कसला हिशोब?" बाया पदर तोंडात घालून हसल्या. अक्कानं शेवटच्या ओळीपर्यंत ऐकलं. मग उठून माझ्याजवळ आली.

"बरी गाते गो ही बाई. हिला सूप भरलंस का?"

पोरीच्या हातात अहेर ठेवला आणि मुरबाडच्या एस्टीनं निघून गेली. त्यानंतर ती कुणाकडेच गायली नाही.

कॅसेटी झिजल्या, चिकटल्या, पोरांनी फिती काढून शेतात पाखरं हाकायला बांधल्या. माझी धाकटी नुसत्या बँजोवर सासरी गेली. हळदीला एक ओळ कुणाला येईना. तेव्हा कुठं मला उपरती झाली. खरोखरचं भरलेलं सूप घेऊन मी धसईला गेले आणि म्हटलं, "अक्का, मला शिकव." तिनं सूप उचलून जोखलं. म्हणाली, "ह्ये तर मागचं फिटलं. शिकवनीचं येगळं."

आता दर बाजाराला मी सूप भरून घेऊन जाते. ऐन साठीत पाटी घेऊन बसल्यासारखी तिच्यापुढं बसते. पण अक्का थकली आहे. हळदीचा धवळा मध्येच तुटतो, ती डोळे मिटून पुढची ओळ शोधत राहते आणि ती सापडत नाही. मग सूप ओढते, त्यातले ओंजळभर तांदूळ माझ्या पदरात परत घालते. मी नको म्हटलं तर रागावते, "अर्ध्या गान्याचं पुरतं घेऊ कशी? मी काय तुज्यासारकी हाय?"

आधी एकच ओंजळ परत यायची. गेल्या बाजाराला निम्मं सूप माझ्या पदरात होतं. तेव्हा एकदा या बायांनो, चला माझ्याबरोबर धसईला. येताना हात जड घेऊन या, आणि लवकर या.