शनिवारी हललेला ठिपका

चारकोपच्या आमच्या सोसायटीत दशरथभाऊ परब म्हणजे सूर्याचे माणूस. जन्मभर फिटरकी केली आणि निवृत्त झाल्यावर, वारा लागत नाही म्हणून, बायकोच्या, म्हणजे वनमालावहिनींच्या, स्वयंपाकाच्या ओट्याच्या टोकाला लोणच्याची रिकामी बरणी मांडली. आत दोऱ्याला टांगलेलं लोहचुंबक, त्याला चिकटवलेला टिकलीएवढा आरसा. आरशावर बारक्या टॉर्चचा उजेड आणि त्याचा ठिपका समोरच्या भिंतीवरच्या आलेख कागदावर. सूर्यावर वादळ झालं की तिथून निघालेले कण पृथ्वीच्या चुंबकत्वाला धक्का देतात, चुंबक किंचित वळतं, ठिपका सरकतो. हे त्यांनी दूधवाल्यालाही समजावलं होतं.

ठिपका सरकला की वहीत नोंद आणि सोसायटीच्या ग्रुपवर निरोप, ‘सौर वादळ सुरू आहे.’ खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग.

एकदा मी ती वही चाळली. “भाऊ, तुमची वादळं रविवार, बुधवार, शुक्रवारीच कशी? सूर्य पण वार पाळतो का?”

वहिनींनी ओट्याखालची लोखंडी विळी पुढे ओढली. ठिपका सरकला. मागे ढकलली. ठिपका जागेवर. सहा महिने भाऊ बांगडे चिरल्याच्या नोंदी ठेवत होते.

“येत्या रविवारपर्यंत ठेवा बरणी,” वहिनी म्हणाल्या. “मग माळ्यावर. माका मिक्सरसाठी जागा व्हयी.”

भाऊ आठवडाभर ठिपक्यापुढून हलले नाहीत. एक तरी खरं वादळ दिसावं, एवढंच त्यांचं मागणं होतं.

शनिवारी, ११ मे २०२४ ला, सकाळी आठला आमची बेल वाजली. दारात भाऊ, हातात विळी.

“ही तुमच्याकडे ठेवा. आणि चला आधी.”

शनिवार, म्हणजे त्यांच्याकडे मासे नाहीत. तरी ठिपका सरकत होता. भाऊंनी तवा, खलबत्ता, वहिनींच्या कमरेच्या किल्ल्या, सगळं जिन्यात नेऊन ठेवलं. परत येऊन बघतो तर ठिपका आणखी एक रेघ पुढे. बाहेरच्या खोलीत टीव्हीवर सांगत होते, वीस वर्षांतलं सगळ्यात मोठं सौर वादळ पृथ्वीवर आलंय, लडाखमध्ये आकाश लाल झालं.

वहिनी कितीतरी वेळ भिंतीकडे बघत राहिल्या. “कोण हात लावना नाय, आणि हलता,” त्या हळूच म्हणाल्या.

भाऊ चष्मा पुसत बसले.

“राहू दे ती बरणी. पण बांगडे मी सोडूचंय नाय, सांगून ठेवतंय,” वहिनी म्हणाल्या.

विळी आमच्याकडेच राहिली. रविवारी वहिनी बांगडे घेऊन आल्या आणि आमच्या स्वयंपाकघरात, जिथे तोवर अंडंही शिजलं नव्हतं, निवांत विळीवर बसल्या.