नानांचे बेगोनिया आणि माझा नीटनेटकेपणा

माझ्या सासऱ्यांनी माझ्याशी तीन महिने अबोला धरला, तो मी त्यांचं काम फार मन लावून केलं म्हणून.

लढाईचे दिवस होते. नगरच्या माझ्या शिंपीकामाच्या दुकानात खाकी सदरे शिवून शिवून कंबर आणि नजर दोन्ही गेली होती. अशात एका पावसाळी दुपारी राजूरहून नाना, म्हणजे माझे सासरे, मोटारीच्या टपावरून नऊ कुंड्या उतरवून घरी हजर! नाना जंगलखात्यातले निवृत्त गार्ड, आणि बेगोनिया या शोभेच्या फुलझाडांचे वेडे. दुसऱ्या दिवशी शहरात फुलझाडांचं प्रदर्शन होतं. पहिलं बक्षीस आपलंच, असं ते अख्ख्या राजूरला सांगून आले होते.

"जावईबापू, वाईच पाव्हन्यांकडं जाऊन येतो. कुंड्यांकडं ध्यान ठिवा."

लग्नाला सहा वर्षं झाली होती. नानांनी एकदा तरी "जावई कामाचा हाय" म्हणावं, एवढीच माझी इच्छा. (ते "जावई हाय" एवढ्यावरच थांबत.)

मी कुंड्या न्याहाळल्या. एकीची पानं चंदेरी, एकीची मखमलीसारखी लवदार, एक उसासारखी पेरापेरांनी वाढलेली, एक डोंगरातल्या कातळावरची, बोटभर उंचीची, गुलाबी फुलांची. एका घराण्यातल्या वाटू नयेत! पण खोट सगळ्यांत एकच. प्रत्येक पान देठाच्या एका बाजूला रुंद, दुसऱ्या बाजूला अरुंद. मोटारीच्या धक्क्यांनी बिचारी वाकडी झाली असणार! (जन्मभर कापड बेतणाऱ्याला दुसरं काय सुचणार?) मी कात्री घेतली.

"अहो, हात नका लावू! नाना चिडतील!" बायको आतून ओरडली.

"कडा तेवढ्या सारख्या करतोय गं!"

एक पान नीट केलं, तर शेजारचं जास्तच वाकडं दिसू लागलं. तासाभरात नऊही कुंड्या मापात! शिवाय काही फुलांच्या मागे तीन पंखांची हिरवी गाठ दिसली. कीड! तीही फुलं खुडून टाकली.

नाना आले आणि छत्री मिटायचं विसरले.

"ह्ये कुनी केलं?"

"यांनी," बायकोनं तत्परतेनं सांगितलं.

"अवो, बेगोनियाचं पान जल्मापासूनच वाकडं आसतंय! जाती शेकड्यांनी, पर ही खूण समद्यांना! आन् त्या गाठीवाल्या मादीफुलांतच बी धरतं!"

मी कात्री हळूच पाठीमागे लपवली.

नाना हट्टानं प्रदर्शनाला गेलेच. परीक्षकांनी चष्मा पुसून पुन्हा पुन्हा पाहिलं आणि म्हणाले, "झाडं छान आहेत. पण हे बेगोनिया नव्हेत." नानांचा उतरलेला चेहरा पाहून मला खरंच फार वाईट वाटलं.

राजूरला निघताना नानांनी आमच्या केरातले पानांचे तुकडे ओल्या फडक्यात बांधून नेले. मला वाटलं, पुरावा!

तीन महिन्यांनी पत्र आलं. "तुकडे ओल्या वाळूत लावले होते. मुळं फुटून तीस रोपं झाली. पानं वाकडी आहेत. बघायला यावे."

मी धावत राजूरला गेलो. सासूबाईंनी दारातच थांबवलं. पाणी नंतर विचारलं, आधी माझे खिसे तपासले.